आंब्याखालचं गवत

माझ्या माहेराहून या घरात भांडी आली, कपाट आलं, मिक्सर आला. त्यातल्या कशाचंच आमच्या बुढीला कौतुक नाही आणि तक्रारही नाही. बुढी म्हणजे माझी सासू; तोंडावर मी तिला आत्याबाई म्हणते. तिनं आजपर्यंत बोलून दाखवलं ते फक्त गवताबद्दल. "लोकाइच्या सुना माहेराहून साड्या आनते, आमची गवत घेऊन आली," असं ती आल्या-गेल्याला सांगते. सांगताना तिचा चेहरा असा असतो की पाहुण्याला कळत नाही, हसावं की माझ्याकडं पाहावं.

पण गोष्ट खरी आहे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी मेडशीला गेले आणि परत निघाले, तेव्हा माझ्या बापानं एका पोत्यात गिनी गवताचे ठोंब बांधून दिले. ठोंब म्हणजे मुळासकट काढलेला जुडगा, तो ओल्या मातीत रोवला की लागतो. बापाला ते ढोरांच्या दवाखान्यातल्या कोणीतरी दिलं होतं आणि त्याच्या म्हशी त्यावर खूश होत्या. माझ्या सासरी म्हैस आहे हे त्यानं लग्न ठरवतानाच पाहून ठेवलं होतं. नवरदेवापेक्षा जास्त वेळ तो कोठ्यात म्हशीजवळ उभा होता, असं आमच्याकडं अजून सांगतात. एसटीत कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "ताई, काय हाय याच्यात?" मी म्हटलं, "गवत." तो म्हणाला, "काऊन, वाशीमले गवत भेटत नाई का?" मी गप्प बसले. नवी नवरी होते, तोंड अजून सुटायचं होतं. आता तोच कंडक्टर भेटला तर त्याला पोत्यासकट उत्तर देईन.

आमचं वावर वाशीमच्या अगदी कडेला आहे, आणि घर वावरातच. भाजीपाल्यावर घर चालतं. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही इडलीबरोबरचं सांबार पेरतो की काय. पहाटे भाजी हर्रासीला, म्हणजे लिलावाला जाते, दिवसभर निंदण आणि पाणी, संध्याकाळी जुड्या बांधणं. अशा घरात नव्यानं लग्न झालेल्या नवराबायकोला एकमेकांशी बोलायला जागा कुठली? दोन खोल्या, त्यात बुढी, आणि बुढीचे कान असे की चुलीपाशी बसून तिला हिरीवरची मोटार बंद पडलेली कळते.

ठोंब आम्ही दोघांनी मिळून लावले. कोठ्याच्या मागं जो धुरा आहे, म्हणजे वावराचा बांध, त्याच्या कडेनं पाण्याचा दांड जातो. हे खड्डा करायचे, मी ठोंब ठेवायचे, मग हे पायानं माती दाबायचे. तोवर आमचं बोलणं म्हणजे "मीठ देजो" आणि "टोपलं उचल" एवढंच. त्या दिवशी ह्यांनी मला विचारलं, "तुले इथं करमते का?" मी म्हटलं, "सध्या तर गवताले करमलं पाहिजे." ते हसले. ह्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गवताला करमलं. पाऊसपाण्यात ते असं वाढलं की माणूस आत उभा राहिला तर दिसू नये. घराकडून पाहिलं तर नुसती हिरवी भिंत. आणि मग आमच्या ध्यानात आलं की या भिंतीच्या पल्याड, धुऱ्यावर, दोन माणसं बसली तर बुढीला दिसत नाहीत. म्हशीला चारा कापायला मी जायची, मागून हे दांड फोडून पाणी वळवायला यायचे. दांड काही रोज फुटत नसतो. बुढी काय दुधखुळी नव्हती. एकदा जेवताना म्हणाली, "त्या गवताले पानी लय लागते बापा." ह्यांना ठसका लागला.

आमची पोरगी झाली, रांगली, चालायला लागली, तरी आमची बसायची जागा तीच. संसाराच्या सगळ्या गोष्टी तिथं ठरल्या. हे परदेशी जायचं बोलले तेही तिथंच.

हिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जायचं. बोअर घ्यायचा, ठिबक टाकायचं, असं ह्यांच्या मनात फार दिवसांपासून. आणि ह्यांना पाइपाचं वेड. गळका व्हॉल्व्ह दिसला की हे पोटच्या पोरासारखे त्याच्यापाशी बसणार. ओळखीतला एक जण वाळवंटाच्या देशात कामाला होता. तिथं माणसांच्या वस्तीला पाणी पुरवायच्या पाइपलाइनीवर माणूस हवा होता. करार दोन वर्षांचा. "दोन वर्साचं काय, असे जाते," हे म्हणाले आणि चुटकी वाजवली. मी विळ्यानं गवत कापत होते. कापतच राहिले.

नका जाऊ, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. पण आमच्याकडं बाई असं म्हणत नाही. ती म्हणते, मोटारीचं स्टार्टर बिघडलं तर कोण पाहीन? म्हणते, म्हैस गाभन हाय. म्हणते, आत्याबाईचे गुडघे धरते. मी हे तिन्ही म्हटलं. ह्यांनी तिन्हीचं उत्तर दिलं. स्टार्टर नवं बसवलं, म्हशीसाठी डॉक्टरला सांगून ठेवलं, गुडघ्यासाठी तेल आणलं. हुशार माणूस. जे मी बोलले नाही तेवढ्याचंच उत्तर राहिलं.

निघायचे दिवस आंब्याचे होते. हिरीवर आमचा एक गावरान आंबा आहे. फळ लहान, रेषाळ, चोखून खायचं. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही आणि घरात त्याच्यावाचून कोणाचं होत नाही. मी कच्चेच आंबे उतरवले. कच्चे आंबे गवतात थरावर थर घालून झाकले की त्या ऊबेत पिकतात. कोणी त्याला अढी म्हणतं, आम्ही माच म्हणतो. एरवी माच कोठ्याच्या कोपऱ्यात असतो. ह्या वेळी मी तो पुठ्ठ्याच्या खोक्यात लावला. दिवाळीत कापून वाळवलेलं गिनी माळ्यावर होतं, चांगलं खडखडीत, तुऱ्यासकट. एक थर गवत, एक थर आंबे, वर पुन्हा गवत. सुतळीनं खोका आवळला.

"अवं, तिकडं सारं भेटते," हे म्हणाले.

"आपल्या झाडाचं भेटते का?"

"इमानात हे गवत पाहून लोक म्हनतीन, याची म्हैस मागून येऊन राह्यली."

"म्हनू द्या. तिथं पोचेस्तोर पिकतीन. रोज दाबून पाहजा, मऊ झाला का खाजा."

बुढीनं भाकरीचा तुकडा आणि पाणी ह्यांच्यावरून ओवाळून बाहेर टाकलं. आमच्याकडं माणूस दूरवरून आला किंवा दूर निघाला की भाकरतुकडा ओवाळतात, म्हणजे वाटेतली नजरबिजर निघून जाते. मग खोका, बॅग आणि हे, तिघंही मोटारसायकलवरून स्टेशनाकडं गेले. मी त्या संध्याकाळी धुऱ्यावर गेले नाही. चारा बुढीनं आणला.

आंबे पिकले, ह्यांनी खोलीतल्या सगळ्यांना वाटून खाल्ले, फोनवर चिरीकचिरीक आवाज करून दाखवला. मग तो विषय संपला. हे दर शुक्रवारी सकाळी फोन करायचे, तिकडं शुक्रवारी सुट्टी असते. फोन धान्याच्या पत्र्याच्या पेटीवर उभा करायचा, समोर बुढी, पोरगी आणि मागं मी. बुढी अशी ओरडून बोलायची की वाळवंटाला फोनची गरज नव्हती. मला बोलायला उरायचं ते बुढीच्या देखत बोलायचं. मोटार चालू आहे. म्हैस व्याली. वांग्यावर कीड आली. हे म्हणायचे, बरं. मी म्हणायचे, ठेवू मंग?

थंडी पडली होती. मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते, पोरगी अंगणवाडीत गेली होती, बुढी चुलीपाशी. फोन वाजला. उचलला तर पडद्यावर ह्यांचं तोंड नाही. पडदाभर गवत. आमचं गिनी. पातीच्या मधोमध ती पांढरी रेघ, वरचा तो मोकळा, पसरलेला तुरा, त्यातून येणारं कोवळं ऊन. वाऱ्यानं पाती हलत होती आणि पाठीमागून ह्यांचा आवाज आला, "सांग बरं, कुठं बसून राह्यलो मी?"

आता यात काय सांगायचं? जगात एकच जागा आहे तशी. मी मेथी तिथंच टाकली. पायात चप्पल नाही, हातात फोन, आणि मी कोठ्याला वळसा घालून धुऱ्याकडं धावले. धावता धावता ओरडले, "आत्याबाई, हे आले. आले हे." मागून बुढीचा तवा आपटल्याचा आवाज आला. डोक्यात एकच चाललं होतं की माणूस किती लबाड, न सांगता आला, पहाटेच्या गाडीनं उतरला असेल, आणि घरात न येता आधी इथं येऊन बसला. आपल्या जागी.

मी गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. पातीनं बोट कापलं. धुऱ्यावर कोणी नव्हतं. दांडात पाणी होतं आणि पल्याड म्हैस, मान वळवून माझ्याकडं पाहत होती.

"अवो," मी म्हटलं, "लपू नका. कुठं हाय तुमी?"

फोन माझ्या हातात उलटा होता. त्यातून ह्यांचा आवाज आला, हळू. "अवं, मी इथंच हाय. तिकडं नाई. थांब, हे पाय." मी फोन सुलटा केला. पडद्यावरचं गवत बाजूला सरलं आणि मागं एक पत्र्याची खोली दिसली, तिच्या खिडकीतला एसी, आणि त्याच्या पल्याड वाळू. नुसती वाळू. एवढी वाळू एकाच वेळी मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात बुढी आली. गुडघे धरणारी बाई, तीसुद्धा धावत आली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात तव्यावरच्या भाकरीचा तुकडा, गरम, बोटं भाजत होती तरी धरलेला. ती गवतातून इकडं तिकडं पाहू लागली. "कुठं हाय? पोरगा कुठं हाय?" मी फोन तिच्यासमोर धरला. तिनं पाहिलं. तांब्या खाली ठेवला. बराच वेळ ती तुकडा हातात घेऊन उभी होती, कारण तो ओवाळायचा कोणावरून हे तिला कळत नव्हतं. शेवटी म्हशीला दिला.

मग मी ह्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लाज वाटत नाही का, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. ह्यांना बिचाऱ्यांना कळेना आपलं काय चुकलं. त्यांना वाटलं होतं मी हसेन.

गवत तिथं कसं आलं ते दुसऱ्या फोनला कळलं. आंबे संपल्यावर ह्यांनी माचातलं गवत खोलीच्या मागं झटकलं होतं. तिथं एसीचं पाणी दिवसभर ठिपकतं. तुऱ्यातलं बी गळून त्या ओलीत पडलं असणार. काही दिवसांनी हिरवं दिसायला लागलं, ह्यांना वाटलं इथलंच काही असेल. मग ते वाढलं, पातीत पांढरी रेघ आली, आणि एक दिवस खिडकी पुसताना ह्यांचं बोट कापलं. "बोट कापलं तवा ओयखलं," हे म्हणाले. "म्हटलं, हे तर आपल्या घरचं हाय." थंडीत एसी बंद, तेव्हापासून तांदूळ धुतलेलं पाणी हे रोज त्याला नेऊन घालत होते.

राग किती दिवस धरायचा? आणि खरं सांगायचं तर मला भारी अभिमान वाटला. बापाला फोन करून सांगितलं की तुमचं गवत समुद्रापल्याड गेलं. त्यानं विचारलं, "तिकडं म्हशी हाय का?"

म्हशी नव्हत्या, पण तिथल्या एका राखणदार म्हाताऱ्याच्या शेळ्या होत्या. मग शुक्रवारी आमचं बोलणं गवतावर चालायला लागलं. कापताना वीतभर बुंधा राखा, मातीपासून कापाल तर मरेल. ह्यांच्याकडं विळा नाही, भाजीच्या सुरीनं कापायचे. शेळ्या कशा खातात ते दाखवायचे. बुढी एकदा म्हणाली, "म्हशीले दाखव वं, तिले बी समजू दे." आम्ही खरंच फोन कोठ्यात नेला. म्हशीनं फोनला चाटलं. वाळवंटात ह्यांचं तोंड लाळेनं माखलं असं पोरगी अजून सांगते. त्या जागेला ती 'बाबाचं वावर' म्हणायची.

पुढं ते बी पसरलं. स्वयंपाकखोलीचं सांडपाणी एका चरानं सडकेकडं जातं, त्या चराच्या कडेनं ते चालत गेलं. मग सडकेपलीकडच्या नाल्यात. तिथं ना कोणी पाणी घालतं, ना कोणी पाहतं, तरी ते आपल्या मनानं उगवलं. हे चालत चालत दाखवायचे, "हे पाय, इथपावतो आलं. हे पाय, इथं तर कमरेएवढं झालं." संध्याकाळी खोलीतली माणसं खोके उपडे करून त्या गवतापाशी बसतात, प्रत्येक जण वेगळ्या मुलखाचा, आणि जो तो म्हणतो की याचा वास आमच्या गावासारखा येतो. हे म्हणतात, "आमच्या घरचं हाय."

हे ऐकताना पहिल्या पहिल्यांदा मला बरं वाटायचं. मग हळूहळू वाटेनासं झालं. मीच कापलेलं, मीच वाळवलेलं, मीच थर लावलेलं गवत. त्याला पासपोर्ट लागला नाही, व्हिसा लागला नाही, आणि ते जाऊन ह्यांच्या दारात बसलं. ह्यांच्या हातचं पाणी पितं. सकाळी उठल्यावर हे पहिल्यांदा त्याला पाहतात. माझी इथली धुऱ्यावरची जागा रिकामी, आणि तिथं ह्यांना बसायला जागा झाली. जळले मी. गवतावर जळले. हे कोणाला सांगितलं तर हसतील म्हणून सांगितलं नाही.

दोन वर्षं संपली. बोअर झाला, ठिबक झालं. मी घर सारवून घेतलं, हिरीवरच्या आंब्याखाली कोणाला फिरकू दिलं नाही. तेव्हा हे म्हणाले, "एवढं एक वर्स अजून काढतो. कोठ्यावर स्लॅब टाकू."

"कायले? म्हैस काय सत्यनारायन करनार हाय स्लॅबखाली?"

"तसं नाई वं. काम बी आता सोपं हाय. अन् इथं आता घरच्यावानीच वाटते." असं म्हणून ह्यांनी फोन गवताकडं वळवला.

घरच्यावानी. मला तो शब्द लागला. मी बांधून दिलेल्या माचानं ह्यांचं तिथं घर झालं होतं, आणि घर झाल्यावर माणूस घरी कशाला येईल?

"उपटून टाका ते गवत," मी म्हटलं.

हे हसले. "गवतानं तुयं काय घोडं मारलं?"

"उपटा म्हटलं ना. बुंधा बी ठेवू नका." बुढी समोर होती, पोरगी समोर होती. मी फोन कापला आणि जाऊन सांबाराच्या वाफ्यात बसले. निंदायला तण नव्हतं तरी बसले.

पुढच्या शुक्रवारी मी फोनवर आलेच नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. बुढी आणि पोरगी बोलायच्या, मी बाहेर भांडी जोरात घासायची. बुढीनं मध्ये तोंड घातलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "भांड्याचे पोचे निघून राह्यले बाई."

मग एका शुक्रवारी पोरगी फोन घेऊन वाफ्यापर्यंत आली. "आई, बाबा म्हनते तुलेच दाखवाचं हाय."

मी ओले हात पदराला पुसले आणि फोन घेतला. हे खोलीच्या मागं उकिडवे बसले होते. बाजूला गवताचे ठोंब पडले होते, मुळासकट उपटलेले, मुळांना वाळू. गिनी काही हातानं निघणारं गवत नाही, मला माहीत आहे. ह्यांच्या दोन्ही तळव्यांवर लाल रेघा उठल्या होत्या.

"घे," हे म्हणाले. "काढलं. आता तं खुश?"

आणि ह्यांनी फोन खोलीकडं वळवला. इतके दिवस त्या गवतामागं काय होतं हे मी नीट पाहिलंच नव्हतं. पत्रा खालून गंजून गेला होता. एका तारेवर ह्यांचा एक शर्ट, तो इथून नेलेलाच, कॉलर विरलेली. एसीतून पाण्याचा थेंब पडायचा आणि खाली मातीत एक ओला डाग होता, हाताच्या पंजाएवढा. बाकी सगळं भुरकट. त्या भुरकट जागी माझा नवरा बसला होता, गालफडं आत गेलेली, आणि मी सांगितलं म्हणून दारातली एकुलती एक हिरवी गोष्ट उपटून माझ्याकडं पाहत होता. मी खूश नव्हते. 

"वापस लावा," मी म्हटलं.

"अवं, काय चालवलं तू? लाव म्हन, उपट म्हन."

"घरच्यावानी वाटते म्हनले तुमी."

"मंग काय म्हनू? पत्र्यात राह्यतो म्हनू? तुया माचाचं गवत होतं म्हनून दिवस निघत होते. त्याच्यात बसलो का वाटे, तू आता विळा घेऊन येशीन."  मग म्हणाले, "स्टार्टरचं सांगते, वांग्याचं सांगते, बुढीच्या गुडघ्याचं सांगते. तू कवा एकदा तरी म्हनली का, या म्हनून?"

वाफ्यात मी एकटी होते. पोरगी घराकडं पळाली होती. आणि मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, धुऱ्यापल्याड कोणी ऐकलं असेल तर ऐकू दे. "या. मले करमत नाई. पहिल्या दिवसापासून करमत नाई. कोठ्यावर पत्रेच राहू द्या, तुमी या."

ह्यांनी तळव्यानं तोंड पुसलं, तळव्याची वाळू गालाला लागली. मग म्हणाले, "येतो. साहेबाले सांगतो अन् येतो." एवढंच. आणि मग, जाता जाता, "आधी म्हनली असती तं हात तरी वाचले असते."

साहेबाला सांगून झालं आहे. पण ह्यांच्या जागी दुसरा माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत म्हणतात. आज येईल, उद्या येईल, असं चाललं आहे. यंदाचे आंबे मी माचात घातले आहेत, कोठ्याच्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी. रोज दाबून पाहते. पुढचे मऊ व्हायला लागले की ते पोरीला देते आणि मागचे आणखी गवताखाली सारते, जरा उशिरा पिकावेत म्हणून. तसे ते थांबत नाहीत, हे मलाही कळतं.

मागच्या शुक्रवारी ह्यांनी सवयीनं फोन खोलीच्या मागं नेला. त्या ओल्या डागाच्या कडेला मातीतून हिरवं टोक वर आलं होतं. कुठलं तरी मूळ राहून गेलं असेल, नाहीतर बी. आम्ही दोघंही पाहत राहिलो. हे म्हणाले, "उपटू?"

मी म्हटलं, "राहू द्या. पानी घाला. अन् तुमच्या जाग्यावर जो येईन ना, त्याले सांगून या, मातीपासून कापू नको म्हना. वीतभर राखजो."

बुढी हे सगळं ऐकत होती. तेव्हापासून सकाळची पहिली भाकरी झाली की तिचा एक तुकडा मोडून वाटीखाली झाकून ठेवते, शेजारी पाण्याचा तांब्या. दिवसभर तो तिथंच असतो. संध्याकाळी म्हशीला जातो, आणि सकाळी बुढी दुसरा ठेवते.